१९६९ ची कॅमेरो झेड/२८ की मस्टँग बॉस ३०२: संग्रहासाठी कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत राहून एकच जुनी मसल कार (मोठ्या इंजिनाची दणकट अमेरिकी गाडी) घ्यायची, तीही जपून ठेवायला, तर या दोघींपैकी कोणती. माझा जीव शेवरोलेच्या कॅमेरोवर आहे, पण पैसे तुमचे आहेत, म्हणून सांगतो: फोर्डची बॉस घ्या.

कागदावर दोघी जुळ्या बहिणी. ट्रान्स-ॲम या अमेरिकेतल्या कार शर्यतीत इंजिन ५ लिटरच्या आत हवं आणि तशी गाडी गिऱ्हाइकांनाही विकलेली हवी, असा नियम होता. त्यामुळे दोन्हीकडे ३०२ घनइंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ इंच, आणि सांगायची ताकद २९० हॉर्सपॉवर (तीही हात राखून सांगितलेली). १९६८ आणि १९६९ चं विजेतेपद शेवरोलेने नेलं, १९७० ला फोर्डने उट्टं काढलं. बॉसचे व्हॉल्व्ह मात्र अवाढव्य. इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, २.२३ इंचांचा होता, पुढच्याच वर्षी फोर्डने तो जरा लहान केला. त्यामुळे सिग्नलला गाडी रेंगाळते, इंजिन जोरात फिरवलं की अंगात येते. खरं तर कॅमेरोही तशीच.

१९६९ च्या झेड/२८ बनल्या २०,३०२ आणि बॉस फक्त १,६२८. पण माझा मुद्दा पुराव्याचा आहे. कॅमेरोचा चासी नंबर एवढंच सांगतो की गाडी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची आहे. ती झेड/२८ म्हणून कारखान्यातून निघाली का, यावर तो गप्प. नॉरवुडच्या कारखान्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या बॉडीवरच्या पाटीवर एक्स ३३ किंवा एक्स ७७ हा झेड/२८ चा कोड असतो, व्हॅन नायसच्या कारखान्यातल्या गाड्यांवर तोही नाही. आणि पाटी काय, नवी करून मिळते. बॉसच्या नंबरात पाचवं अक्षर 'जी' असलं की विषय संपला. वर फोर्डच्या मूळ नोंदींवरून निघणारा मार्टी रिपोर्ट थोड्या डॉलरांत मिळतो.

मित्रासाठी आम्ही ओहायोत एक झेड/२८ बघायला गेलो होतो. नारिंगी रंग, पांढरे पट्टे, मालक गोडबोल्या, "मॅचिंग नंबर" (म्हणजे मूळ इंजिन त्याच गाडीत) दर वाक्याला. इंजिनचा नंबर ऑल्टरनेटरच्या मागे असतो. टॉर्च मारला, झेड/२८ च्या इंजिनाची 'डीझेड' अक्षरं दिसली. पण त्याखालचं लोखंड आरशासारखं गुळगुळीत! कारखान्यातल्या ब्लॉकवर तिथे बारीक समांतर रेघा असतात. मालक म्हणाला, इंजिन उघडलं तेव्हा वरून घासलं असेल. असेलही, तसं होतं कधीकधी. पण मग अक्षरं शाबूत कशी राहिली? म्हणजे नंतर कुणीतरी ठोकलेली. मित्र गाडीत बसून तासभर बोलला नाही.

बॉसही निर्धास्त घेऊ नका. मूळ पिस्टनचे स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) तडकतात, हे तिचं जुनं दुखणं. बदललेत का विचारा, बिल मागा. शिवाय शर्यतीत इंजिन उडवून दुसरं बसवलेल्या बॉस बऱ्याच आहेत, तेव्हा ब्लॉकवरचा नंबर गाडीच्या नंबराशी ताडून बघा. टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टकटक ऐकून घाबरू नका, दोन्ही इंजिनांना ती असतेच. अधूनमधून फटी जुळवत राहायच्या.

एवढं सांगूनही कॅमेरोच घेणार असाल, तर जुन्या डीलरचं मूळ बिल असलेलीच बघा आणि टॉर्चबरोबर एक छोटा आरसा ठेवा. ऑल्टरनेटरमागे मान वळत नाही.