सांधा कानाला कळू नये: रीपरमधल्या कापाकापीविषयी वाचकांचे प्रश्न

(रीपर हे आवाज रेकॉर्ड करून कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर. उत्तरांत दिलेल्या कळा विंडोजवरच्या रीपरच्या मूळ मांडणीनुसार आहेत.)

प्रश्न: तानपुरा चार मिनिटांचा, गायन नऊ मिनिटांचं. तानपुरा जोडून लांबवला तर सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. फेड दिला (आवाज हळूहळू उतरवला-चढवला) की टक् जातं, पण आवाज तिथे बसतो. काय करावं?

हे दोन वेगळे दोष आहेत. लहर शून्य रेषेपासून दूर असताना कापली गेली की टक् येतं. एका तुकड्याचा शेवट वर, पुढच्याची सुरुवात खाली, आणि स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात उडी मारावी लागते. दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेडही (एक तुकडा उतरत असताना दुसरा चढवणं) ती उडी मिटवतो.

तानपुऱ्याला मात्र तेवढं पुरत नाही, कारण इथे तारांचा क्रम तुटलेला कानाला कळतो. पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज असा क्रम ऐकत जा. पहिला तुकडा खर्जानंतर, पुढचा पंचम छेडला जाण्याच्या किंचित आधी कापा. दुसराही अगदी तशाच जागेपासून सुरू करून त्याला लावा. आता दुसऱ्याची डावी कड आणखी डावीकडे ओढा. कड ओढल्याने आतला आवाज जागचा हलत नाही. दोन्ही तुकडे 300 ते 500 मिलिसेकंद एकमेकांवर चढू द्या. ऑटो क्रॉसफेड चालू असेल तर फेड आपोआप पडतो. नसेल तर दोन्ही निवडून ‘एक्स’ दाबा.

आवाज बसतो तो फेडच्या आकारामुळे. लहरी न जुळणारे दोन आवाज सरळ रेषेच्या फेडने जोडले की मध्यावर साधारण 3 डेसिबलचा खड्डा पडतो. फेडवर राइट क्लिक करून ‘इक्वल पॉवर’ आकार निवडा. हाच आकार हुबेहूब एकसारख्या आवाजांवर लावला तर उलट 3 डेसिबलचा उंचवटा येतो, म्हणून तो सरसकट सगळीकडे लावू नका.

प्रश्न: हार्मोनियममधली एक चूक कापून मोकळी जागा मिटवली. तिथून पुढे तबला जुळत नाही.

तुमचं रिपल एडिटिंग (तुकडा काढला की पुढचे तुकडे आपोआप सरकणं) ‘पर ट्रॅक’वर, म्हणजे फक्त त्याच ट्रॅकपुरतं होतं. त्यामुळे एकटी हार्मोनियम डावीकडे सरकली, बाकीचे ट्रॅक जागेवर राहिले. आधी अनडू करा. खरं तर चूक फक्त हार्मोनियमची असेल तर जागा मिटवूच नये. तीच ओळ दुसऱ्या आवर्तनात चांगली वाजली असेल तर तिथला तुकडा आणून झाकावा. सगळ्यांचंच चुकलं असेल तरच वेळ काढून टाका, आणि तीही पूर्ण आवर्तनाची, समेपासून समेपर्यंत. तेवढा टाइम सिलेक्शन करून एडिट मेनूमधली, शेवटी ‘मूव्हिंग लेटर आयटम्स’ असं लिहिलेली रिमूव्ह आज्ञा द्या. सगळे ट्रॅक एकत्र सरकतील.

दायाँ आणि डग्गा वेगळ्या माईकवर असतील तर कापण्याआधी दोन्ही आयटम (ट्रॅकवरचे तुकडे) निवडून ‘जी’ दाबा, म्हणजे त्यांचा गट होईल. एकच ट्रॅक नुसता 2 मिलिसेकंद सरकला तरी दोन्ही माईकमध्ये आलेला 250 हर्ट्झच्या आसपासचा नाद एकमेकांना खातो आणि तबला पोकळ वाजतो. मग लोक इक्वलायझर फिरवत बसतात. दोष तिथे नसतोच.

प्रश्न: दोन तासांच्या भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये हवी ती जागा सापडत नाही.

पहिल्यांदा ऐकतानाच प्रत्येक भजनाच्या सुरुवातीला ‘एम’ दाबत जा. वाजणं न थांबता मार्कर पडतो. नाव द्यायचं असेल तर शिफ्ट-एम. चौकटी कंसांच्या कळांनी मागच्या-पुढच्या मार्करवर जाता येतं. माऊसचं चाक फिरवलं की झूम, ऑल्ट धरून फिरवलं की आडवं सरकणं. एक सावधगिरी: वाजत असताना ‘एस’ला हात लागला तर वाजत्या जागी तुकडे होतात.

प्रश्न: झपताल ग्रिडवर (पडद्यावरच्या मात्रांच्या उभ्या रेषांवर) बसत नाही.

बसणारही नाही, कारण क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या ठोक्याशिवाय) वाजवलेल्या ठेक्याची लय हलती असते. फक्त कापाकापीच करायची असेल तर ग्रिडच्या मागे लागू नका. ऑल्ट-एसने स्नॅप (ग्रिडच्या रेषेला आपोआप चिकटणं) बंद करा, तबल्याचा आयटम निवडा आणि टॅब दाबत एका बोलावरून दुसऱ्यावर जा.

वर सॉफ्टवेअरमधलं वाद्य चढवायचं असेल तरच ग्रिड लागते. त्यासाठी प्रथम प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस (तुकडे मात्रेला बांधायचे की वेळेला, ते ठरवणारी सेटिंग) ‘टाइम’ करा. हे राहिलं तर टेम्पो बदलताच रेकॉर्डिंगचे तुकडे जागा सोडतात. मग झपतालाच्या दहा मात्रांसाठी टाइम सिग्नेचर 10/4 ठेवा, सम ते सम एक आवर्तन सिलेक्ट करा आणि इन्सर्ट मेनूमधून ‘मेजर फ्रॉम टाइम सिलेक्शन’ घ्या. आवर्तन 10 सेकंदांचं असेल तर टेम्पो 60 यायला हवा. 30 किंवा 120 दिसला तर मोजणी अर्धी किंवा दुप्पट झाली आहे. लय वाढेल तिथे हेच पुन्हा करा.