रोज चमचाभर दालचिनी?

प्रश्न: ताई, माझी शुगर बॉर्डरला आलीय. जाऊबाईंनी सांगितलं म्हणून महिनाभर रोज सकाळी चमचाभर दालचिनी पावडर कोमट पाण्यातून घेतेय, चालेल ना?

उत्तर: आधी डब्यातली काडी बघा. जाड, कडक, एकाच पदराची असेल तर ती कॅशिया जातीची, वाण्याकडे बहुतेक हीच मिळते. सिलोनची म्हणजे पातळ पापुद्र्यांची गुंडाळी, विडीसारखी, बोटाने चुरते, कोकणातही लावतात ती. दोन्ही तमालपत्र-कापराच्याच खानदानातल्या, वास दोन्हींना सिनॅमाल्डिहाइड नावाच्या द्रव्याचा, पण कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते काहींच्या लिव्हरला बाधतं. युरोपातली त्याची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६, आणि कॅशियाच्या एका चमच्यात तेवढं सहज भरतं, तुम्ही तर महिनाभर घेताय! शुगरचं म्हणाल तर अभ्यासांचे निकाल उलटसुलटच आहेत. मसालेभातात दोन तुकडे टाकता ते बिनधास्त टाका हो, पण ही पावडर थांबवा आणि डॉक्टरांना किती दिवस घेतली ते न लपवता सांगा.