'डार्क मॅटर': पदार्थ की द्रव्य?

मिरजेच्या एका बाईंनी शाळेच्या भित्तिपत्रकावर 'डार्क मॅटर'चं (विश्वातलं न दिसणारं, पण ओढ लावणारं काहीतरी) 'कृष्ण पदार्थ' केलं. नववीतल्या एकानं विचारलं, "बाई, ह्यो भडंगासारखा खायचा असतोय काय?" आता त्या विचारतात: कृष्ण पदार्थ, कृष्णद्रव्य की अदृश्य द्रव्य?

बाई, पोरगं बरोबर बोललं. बोलीत पदार्थ पानात वाढतात. शिवाय वैशेषिक दर्शनात पदार्थ हे फार मोठं गाठोडं आहे. गुण, कर्म हेसुद्धा पदार्थच, आणि द्रव्य हा त्यातला एक. तेव्हा 'द्रव्य'च घ्या. (मार्केट यार्डात कृष्णद्रव्य म्हणजे काळा पैसा समजतील, तेवढं सोसा.)

'कृष्ण' मला बरेच दिवस खटकायचं. काळी वस्तू उजेड गिळते. इथं तर उजेड बिनबोभाट आरपार जातो. पण फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ साली अरुंधती केश तारकासमूहातल्या दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) वेग बघून जर्मनमध्ये 'डुंक्ले माटेरिए' लिहिलं, तेव्हा त्याला म्हणायचं होतं 'न उजळणारं'. आणि हा अर्थ आपल्याकडे आहेच की! कृष्णपक्षात चंद्र कुठं काळा होतो? त्याची उजेडाची बाजू तेवढी आपल्यापासून पलीकडं वळत जाते. त्यामुळं 'कृष्ण' चालेल. 'अदृश्य' नको, हवाही अदृश्यच असते.

खरी गोम 'द्रव्य' या शब्दात आहे. राखणीला गोफण फिरवलेल्याला हे लगेच कळेल: जितकी जोरात फिरवाल तितकी दोरी हाताला ओढ देते, आणि ओढ कमी पडली तर धोंडा सुटतो. सूर्याभोवती पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते, लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. लांब गेलं की ओढ कमी, म्हणून वेगही कमी. पण व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानी दीर्घिकेत केंद्राभोवती फिरण्याचे वेग मांडले, तर कडेलाही वेग उतरेना. मग एवढी ओढ येते कुठून?

बहुतेकांचं उत्तर: न दिसणारं द्रव्य आहे, साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट. ते कशाचं, यावर तर्क चालू आहेत. जड, मंद 'विम्प' कण म्हणा, नाहीतर अतिहलके 'ॲक्सिऑन' (हे नाव कपडे धुण्याच्या पावडरीवरून उचललंय, शब्दवेड्यांनी टिपून ठेवावं). अजून एकही कण हाती लागलेला नाही. भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये वेगळंच सुचवलं: द्रव्य वगैरे काही नाही, मंद त्वरणाला गतीचा नियमच बदलतो. त्यांचं खरं ठरलं तर आपला शब्दच खोटा पडेल. माझा कौल द्रव्याला. 'बुलेट' समूहात दीर्घिकांचे दोन घोळके एकमेकांतून गेले, वायू मध्ये अडकून मागं राहिला (साधं द्रव्य बहुतेक त्यातच), आणि ओढ मात्र पुढं निघून गेलेली सापडली.

'कृष्णद्रव्य' जोडून लिहा. 'डार्क एनर्जी'चं 'कृष्ण ऊर्जा' मात्र तोडून; 'कृष्णोर्जा' केलंत तर मिरजेची पोरं ती नदीवरची वीज समजतील, आणि संधीच्या नियमानं ती चूकही धरता येणार नाही.