दात आंबतात, झिजतात: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: वय २२. साखर नको म्हणून शुगर-फ्री कोला पितो. तरी दंतवैद्य म्हणतात, दात झिजताहेत. असं कसं?

कीड आणि झीज ही दोन वेगळी दुखणी आहेत. किडीला साखर आणि जंतू लागतात, झिजेला नुसतं आम्ल पुरतं. शुगर-फ्री कोलातही फॉस्फरिक आम्ल असतंच. त्याचा सामू (pH; जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) जेमतेम ३ च्या आसपास असतो. पण नुसत्या सामूवर जाऊ नका. दह्याचा सामूही ४ ते ४.५ असतो, तरी दही दात झिजवत नाही. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दातातलं खनिज विरघळत नाही.

दुसरं म्हणजे, किती पिता यापेक्षा किती वेळा पिता हे जास्त महत्त्वाचं. जेवणासोबत एक कॅन संपवला, तर लाळ थोड्या वेळात आम्ल निवळवते. तोच कॅन टेबलावर ठेवून तीन तास घोट घोट प्यायलात, तर प्रत्येक घोटाला तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तोंडात घोळवून पिणं तर सगळ्यात वाईट.

प्रश्न: जिममध्ये स्पोर्ट्स ड्रिंक घेते. त्यानंतर दात आंबतात.

घाम गाळताना तोंड कोरडं पडतं आणि नेमकं तेव्हाच आम्ल आत जातं. लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, आणि लाळ जितकी जास्त सुटते तितकं तेही वाढतं. स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिली लाळ सुटते, चघळताना १ मिलीहून जास्त. व्यायामात साधं पाणी प्या, नंतर बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा.

एरवीही तोंड कोरडं वाटत असेल तर मोजून बघा. तासभर काही न खाता-पिता, शांत बसून १५ मिनिटं लाळ कपात थुंका आणि सुईविना सिरिंजने मोजा. दीड मिलीपेक्षा कमी भरली तर दंतवैद्याला दाखवा. ॲलर्जीची किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील तर तेही सांगा. लाळ आटण्यामागे बऱ्याचदा तीच असतात. मात्र औषध आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न: लिंबूपाणी प्यायल्यावर लगेच ब्रश केला तर?

नको. आम्लाने इनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणाचा, वरचा थर मऊ पडतो आणि ब्रश तोच खरवडतो. अर्धा तास थांबा असं सांगतात, पण तेवढ्यात तो पुरता घट्ट होत नाही. त्यापेक्षा सकाळी आधी ब्रश, मग लिंबूपाणी. नंतर पाण्याने चूळ भरा. उलटी झाली असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून गुळण्या करा. आणि वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजूच गुळगुळीत झाली असेल, तर खाण्यापेक्षा पोटातून वर येणाऱ्या आम्लाचा संशय घ्या.

प्रश्न: झिजलेलं इनॅमल पुन्हा येतं का?

नाही. मऊ पडलेला थर लाळ आणि फ्लोराइडमुळे काहीसा सावरतो. गेलेला थर परत येत नाही, झीज जास्त असेल तर त्यावर फिलिंग करावं लागतं.