सिम चेकच्या आधीचे पंधरा दिवस

प्रश्न : बारामतीत सेसना १७२ या छोट्या विमानावर दोनशे तास करून सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) घेतलं. पंधरा दिवसांनी एअरलाइनच्या नोकरीसाठी एअरबस ए-३२० या जेटच्या सिम्युलेटरवर (जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये) चेक, म्हणजे चाचणी आहे. जेटमध्ये कधी बसलेलो नाही. सुरुवात कुठून करू?

आकड्यांपासून. चेकमध्ये बहुधा ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारा) आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे न्यायचं ते पडद्यावर दाखवणारा) तिन्ही बंद करायला लावतात. यालाच आपण रॉ डेटा म्हणतो. मग हातात दोनच गोष्टी उरतात : नाक किती वर आणि थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, किती. ए-३२० ला फुल फ्लॅपवर (पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण उघडून), तीन अंशांच्या ग्लाइडवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरत्या वाटेवर, नाक साधारण अडीच-तीन अंश वर आणि एन-वन (इंजिनाच्या पंख्याचा वेग) पन्नास-पंचावन्न टक्के लागतं. वजनाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. असे पाच-सहा आकडे पाढ्यांसारखे पाठ हवेत.

सेसनाची सवय नडते ती थ्रस्टवर. स्पीड पाच नॉटने पडला की पोरं थ्रस्टचा लिव्हर भसकन पुढे ढकलतात. जेटचं इंजिन जरा वेळ घेतं, म्हणून आणखी ढकलतात, आणि मग सगळं एकदम अंगावर येतं : स्पीड पंधराने जास्त, विमान ग्लाइडच्या वर. त्यापेक्षा तीन टक्के वाढवा, थांबा, स्पीड हलला की निम्मं काढून घ्या. खाली येण्याचा हिशोब सोपा आहे, ग्राउंडस्पीड गुणिले पाच. १४० असेल तर मिनिटाला ७०० फूट. समोरच्या वाऱ्याने १२० झाला तर ६००. आणि साइडस्टिक (एअरबसची बाजूची दांडी) सतत ढवळत बसू नका. नाक हवं तिथे नेलं की सोडा, एअरबस ट्रिम (नाक तिथेच टिकवणारं शेपटीचं समायोजन) स्वतः करतं. (बोइंग ७३७ वर चेक असेल तर उलट, अंगठा ट्रिमवरून हलवायचा नाही.)

प्रश्न : चेकच्या आधी पैसे भरून सिम्युलेटरवर सराव करावा का?

परवडत असेल तर एखादं सेशन, तेही ट्रेनर शेजारी बसवून. बाकी सराव घरी, भिंतीवर पॅनेलचं पोस्टर लावून, मोठ्याने कॉलआउट (कॉकपिटमधल्या ठरलेल्या घोषणा) देत. घरचे हसतील, हसू द्या.

प्रश्न : होल्डमध्ये, म्हणजे ठरलेल्या बिंदूवर घिरट्या घालत थांबण्यात, कसं शिरायचं ती एंट्री ऐनवेळी सुचतच नाही.

चित्र काढत बसू नका. होल्ड उजवा (उजव्या वळणांचा) असेल तर कंपासवर आउटबाउंड कोर्स, म्हणजे बिंदूपासून दूर जाण्याची दिशा, कुठे दिसतो ते बघा. एंट्रीचे प्रकार तीन : नाकाच्या उजवीकडे ७० अंशांच्या आत असेल तर टिअरड्रॉप, डावीकडे ११० च्या आत असेल तर पॅरलल, उरलेल्या भागात डायरेक्ट. डाव्या होल्डला बाजू उलट. रोज दहा होल्ड कागदावर सोडवा, आठवड्यात हातचा मळ होईल.

प्रश्न : जोडीला दुसरा उमेदवार असतो. जागा एकच असेल तर त्याची चूक दाखवावी का?

दाखवायचीच. तुम्ही तेव्हा पायलट मॉनिटरिंग, म्हणजे उडवणाऱ्यावर नजर ठेवणारा पायलट असता आणि तपासनीस तुमच्याकडेही बघत असतो. १४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं, ९२ जण गेले. इंजिनं आयडलवर होती, स्पीड पडत गेला आणि कॉकपिटमधल्या दोघांच्याही ते वेळेत लक्षात आलं नाही. त्या दिवशी तिथे चेकच चालू होता. म्हणून ‘स्पीड’ एवढा एकच शब्द, स्पष्ट आणि लगेच. जोडीदाराच्या कंट्रोलवर मात्र हात टाकू नका, आणि लेक्चर तर नकोच.

प्रश्न : मोठी चूक झाली, तर सगळं संपलं का?

नाही. तपासनीस बऱ्याचदा एखादी टीप देतो आणि तेच पुन्हा करायला लावतो. त्याला पहिल्यापेक्षा दुसरा प्रयत्न किती सुधारला ते बघायचं असतं. माझ्या पहिल्या चेकला मी चार हजारांऐवजी पाच हजार फुटांवर लेव्हल झालो. पोटात गोळा आला. ‘अल्टिट्यूड चुकलं, चार हजारांवर जातोय,’ असं मोठ्याने बोललो आणि नाक खाली घेतलं. नंतरच्या चर्चेत त्यावर अर्धं मिनिट गेलं. वीस मिनिटं गेली ती पुढच्या वळणावर, कारण त्या हजार फुटांचाच विचार करत मी हेडिंग ओलांडून गेलो होतो.