ख्रिस्ती कॉलेजचं घरबसल्या बी.एड.: पैसे भरण्याआधी काय तपासायचं

"मॅडम, कॉलेज ख्रिस्ती आहे, मान्यताप्राप्त आहे, घरी राहून बी.एड. होतं. मुलीचं नाव घालू का?" निकाल लागले की नंदुरबार, नवापूर, साक्री या पट्ट्यातले पालक मला, समुपदेशक म्हणून, हा प्रश्न हमखास विचारतात. फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं तर त्यांचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. म्हणून एका मुलीची गोष्ट तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नवापूर तालुक्यातली. घरात मावची, बाजारात अहिराणी आणि गुजराती, चर्चमध्ये मराठी, अशा चार भाषांत सहज वावरणारी. इंग्रजी घेऊन बी.ए. झाली. अकरावीपासून संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, लहान मुलांना शिकवत होती आणि पदवीनंतर गावाजवळच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत नाममात्र पगारावर लागली. शिकवण्याची तिची ओढ खरी होती. वर्गाबद्दल बोलायला लागली की ती थांबायचीच नाही. तिच्या चर्चच्या पाळकांनी (पास्टरनी) घरबसल्या बी.एड.चं एक पत्रक आणून दिलं आणि वडिलांनी त्याच आठवड्यात पहिला हप्ता भरला. पाळकांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता आणि पाळकांचा हेतूही निर्मळ होता. हे आधीच सांगते, कारण अशा प्रकरणांत घरचे पहिला राग पाळकांवर काढतात.

शंका आली ती सायबर कॅफेत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कॉलेजचं नाव यादीत सापडेना. कॅफेवाला म्हणाला, "ताई, हे कॉलेज इथे नाहीच." दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्यासमोर बसले होते.

मी पत्रक टेबलावर ठेवलं आणि पेन्सिल मुलीच्या हातात दिली. पत्रकावरच्या प्रत्येक शिक्क्यापुढे तिने दोन गोष्टी लिहायच्या होत्या: हा शिक्का कुणी दिला आणि कशासाठी दिला. वर "इंटरनॅशनली अ‍ॅक्रेडिटेड" असं ठळक छापलं होतं, त्याखाली "शासन नोंदणीकृत", बाजूला आयएसओचं चिन्ह. मोबाइलवर शोधत शोधत तिनेच उत्तरं लिहिली. शासन नोंदणी होती ती ट्रस्टची. ट्रस्ट कुणालाही नोंदवता येतो, त्याने पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही. आयएसओ कार्यालयाच्या कामकाजाच्या पद्धतीसाठी असतं. अ‍ॅक्रेडिटेशन देणारी संस्था परदेशातली, बायबल कॉलेजांसाठी काम करणारी. आणि पत्रकाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, "ही पदवी ख्रिस्ती सेवाकार्यासाठी आहे" अशी ओळ होती. ती वाचल्यावर मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "मॅडम, हे आम्ही वाचलंच नव्हतं."

मग तिलाच कॉलेजला फोन लावायला सांगितलं. पालकांनी किंवा समुपदेशकाने फोन केला की मूल नुसतं बघत बसतं. स्वतः विचारलं की पुढच्या वेळी ते कुणाला फसू देत नाही. स्पीकर चालू ठेवून तिने विचारलं, "सर, तुमच्या बी.एड.ला एनसीटीईची मान्यता आहे का?" पलीकडून उत्तर आलं, "आपला कोर्स इंटरनॅशनल आहे, त्याला गरज पडत नाही." "मग टीईटीचा फॉर्म भरता येईल?" "भरा की, अडचण काय?" "शाळेतल्या पदाला वैयक्तिक मान्यता मिळेल?" "ते तुमच्या शाळेवर आहे मॅडम." एवढ्यात तिला समजलं. (टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा; वैयक्तिक मान्यता म्हणजे शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षणाधिकारी कार्यालयाची मंजुरी.)

आता नियम नीट सांगते, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते.

भारतात शालेय शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता लागते. ही परिषद 1993 च्या कायद्याने आली. पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठाला किंवा संसदेच्या कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे, तोही 1956 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम 22 प्रमाणे. अभ्यासक्रम दूरशिक्षणाचा असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची (डीईबी) मंजुरीही लागते. त्या विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाचा कोणता अभ्यासक्रम कोणत्या सत्रासाठी मंजूर आहे ही यादी बघायला मिळते. 2024 पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. जे कॉलेज दूरशिक्षणाची पदवी देतो म्हणतं आणि हा आयडी मागतही नाही, तिथे पैसे देऊ नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे पत्रकवाले कधीच सांगत नाहीत: दूरशिक्षणाचं बी.एड. नुसत्या पदवीधरासाठी नाही. एनसीटीईच्या 2014 च्या नियमांनुसार ते प्राथमिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी किंवा आधी एखादा मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम नियमित पद्धतीने पूर्ण केलेल्यांसाठी आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ असो की इग्नू, ही अट सुटत नाही. "मी शाळेत शिकवते की," असं ही मुलगीही म्हणाली. शिकवते, पण डी.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) झालेलं नाही, म्हणजे नियमाच्या भाषेत ती प्रशिक्षित नाही. तेव्हा तिच्यासाठी दूरशिक्षणाचं खरं बी.एड. अस्तित्वातच नव्हतं, ख्रिस्ती नाही आणि बिगरख्रिस्तीही नाही. हे ऐकून वडील खट्टू झाले. पण हे एक वाक्य त्यांना हप्ता भरण्याआधी कुणी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते.

अशा पत्रकांवरचं "एका वर्षात पूर्ण" हेही तपासायला हवं. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे. एका वर्षाच्या बी.एड.चा प्रस्ताव 2025 च्या मसुद्यात आला, पण तोही चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी. शिवाय बी.एड.मध्ये किमान 20 आठवडे शाळेत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं असतं. पाठ घ्यायचे, मार्गदर्शकाने मागे बसून ते बघायचे, टिपणं द्यायची. घरी बसून बी.एड. होतं असं जो सांगतो तो हे 20 आठवडे कुठे करून घेणार, असं सरळ विचारावं.

वडिलांनी हळूच विचारलं, "आते काय करानं, मॅडम?" त्यांच्या मनात पैशांपेक्षा मोठ्या दोन गोष्टी होत्या, आणि त्या काढून घ्यायला मला वेळ द्यावा लागला.

पहिली भीती जातीच्या दाखल्याची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सरकारी कॉलेजच्या अर्जात धर्म ख्रिश्चन लिहिला की आदिवासी सवलत जाते, म्हणून आपल्या लोकांनी आपल्याच कॉलेजात जावं. हे साफ चूक आहे. धर्माची अट अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात आहे, अनुसूचित जमातींना ती लागू नाही. मावची, भिल्ल, गावित, पावरा कुटुंब ख्रिस्ती असलं तरी जमात तीच राहते. दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवलं की शिष्यवृत्तीही मिळते, राखीव जागाही मिळते. या एका अफवेमुळे आपल्या भागातली किती मुलं हक्काच्या जागा सोडून पत्रकांच्या मागे लागतात, हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी भीती वसतिगृहाची. मुलगी धुळ्याला किंवा जळगावला राहिली तर प्रार्थना सुटेल, संगत बिघडेल, समाजात बोललं जाईल. ही भीती मी हसण्यावारी नेली नाही. बाप म्हणून ती त्यांना वाटणारच. मी एवढंच विचारलं, "तिची श्रद्धा आज कशावर उभी आहे?" त्यांनी घरची संध्याकाळची प्रार्थना सांगितली, संडे स्कूल सांगितलं, आजीने पाठ करून घेतलेली स्तोत्रं सांगितली. यातलं काहीही कॉलेजकडून आलेलं नव्हतं. मग आम्ही नकाशा उघडून बसलो. नंदुरबार जिल्ह्यातच नियमित बी.एड.ची सोय आहे, धुळ्याला आणि जळगावलाही आहे, आणि मोठ्या गावांत रविवारी उपासनेला जाता येईल अशी चर्चही आहेत. रोज जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरावरची नावं मुलीने स्वतः लिहून काढली. तिचं म्हणणं होतं की राहण्यापेक्षा बसने ये-जा बरी, कारण मग शनिवारी संडे स्कूलची तयारी सुटणार नाही.

यात मुलीच्या मावसभावाने एका अमेरिकन ख्रिस्ती कॉलेजची लिंक पाठवली. कॉलेज खरं होतं. तिथे अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेलाही वरून मान्यता असावी लागते, त्यांच्या शिक्षण खात्याची किंवा चिया या परिषदेची. ट्रॅक्स, एबीएचई या ख्रिस्ती कॉलेजांना तपासणाऱ्या संस्थांना तशी मान्यता आहे, आणि हे कॉलेज त्यातल्या एकीच्या यादीत सापडलं. पण अमेरिकेतसुद्धा सरकारी शाळेत शिकवायला त्या त्या राज्याचा परवाना लागतो, नुसती पदवी पुरत नाही. मग नवापूरच्या शाळेत ती बी.एड. म्हणून कशी चालेल? एसटीचा पास रेल्वेत चालत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रवास कुठला आहे ते बघून पास काढायचा.

पाळकांनाही बोलावलं. ते आले, पत्रक पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, मला तर आमच्या संडे स्कूलसाठी शिकलेली शिक्षिका हवी होती." मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, बायबलचं वचन शिकवायला तयार व्हायचं असेल तर तो अभ्यास दूरशिक्षणाने होतो आणि चांगला होतो. सेरामपूर कॉलेज 1818 मध्ये स्थापन झालं, 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि आजही सेरामपूरच्या सिनेटचे नोकरी सांभाळून करता येणारे बाह्य अभ्यासक्रम आहेत. बंगळूरूची टॅफ्टी संस्था 1971 पासून विस्तार-पद्धतीने ईश्वरविज्ञान शिकवते. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेली सेमिनरी (धर्मशिक्षणाची संस्था) असेल तर तिचा अभ्यासक्रम तपासला गेलेला असतो. ही मान्यता मंडळीच्या कामासाठी भक्कम आहे. शिक्षणाधिकारी कार्यालयात मात्र तिचा उपयोग नाही, आणि तसा दावा या नामवंत संस्था करतही नाहीत.

"पण आपल्या मिशनच्या शाळेत तरी घेतील ना?" हा वडिलांचा शेवटचा प्रश्न. घटनेच्या कलम 30 मुळे अल्पसंख्याक संस्थेला आपली शाळा चालवण्याचा आणि शिक्षक निवडण्याचा हक्क आहे. तरी अनुदानित पदावर वैयक्तिक मान्यता हवी असेल तर अर्हता पूर्ण असावीच लागते. बिगर-प्रशिक्षित म्हणून ठेवून घेतील, पण पगार आज आहे तसाच राहील आणि प्रशिक्षित उमेदवार आला की पहिली गदा हिच्यावर येईल.

राहिला डी.एड. की बी.एड. हा प्रश्न. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड.च (डी.एड.चं आताचं नाव) हवं, बी.एड. त्या वर्गांना चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. हिला मोठ्या वर्गांना इंग्रजी शिकवायचं होतं, म्हणून नियमित बी.एड. ठरलं. सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, तारीख निघून गेली होती, त्यामुळे वर्ष थांबणं भाग होतं. वडिलांना ते जड गेलं. मी त्यांना सांगितलं की खोट्या बी.एड.ची वर्षं गेली असती, हे एकच जातंय.

हप्त्याची पावती पाहिली तर तिच्यावर "देणगी" लिहिलेलं. देणगी म्हणून घेतलेली फी परत मिळवणं अवघड जातं, म्हणून पैसे भरताना पावतीवर "प्रवेश शुल्क" आणि अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव लिहून घ्यावं, ऑनलाइन भरलं तर बँकेची नोंद जपावी. आम्ही रजिस्टर पोस्टाने परताव्याची मागणी केली, पत्रकाची प्रत जोडली, आणि उत्तर न आल्यास ग्राहक आयोगात जाऊ असंही लिहिलं. हे लिहीपर्यंत थोडी रक्कम परत आली आहे, उरलेल्यासाठी पाठपुरावा चालू आहे.

मुलीने शाळेची नोकरी सोडलेली नाही. सकाळी शाळा, दुपारी सीईटीचा अभ्यास. जात वैधतेचा अर्ज दाखल झाला आहे. बायबलचा बाह्य अभ्यासक्रम बी.एड. झाल्यावर करायचा, असं तिने आणि पाळकांनी मिळून ठरवलं. दोन्ही एकदम नको, असं माझंही मत होतं. पाळक आता चर्चमध्ये कोणतंही शैक्षणिक पत्रक वाटण्याआधी मला पाठवतात. मागच्या खेपेला दोन आली. एक बाद केलं. दुसरं मंडळीतल्या शिक्षकांसाठीचा प्रामाणिक प्रमाणपत्र वर्ग होता, त्यावर "शालेय नोकरीसाठी नाही" एवढी ओळ ठळक छापून घ्या म्हटलं, आणि त्यांनी ती छापून घेतली.