वाचक विचारतात: तिकीट स्वस्त, पण घर ते हॉटेल किती पडलं?

यावेळची पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावर आलीत, युरोपात तीन-चार दिवसांची एका शहराची ट्रिप आणि त्यासाठी स्वस्त विमान कसं शोधायचं. लंडन, म्युनिक, डब्लिनची मंडळी आहेत, एक पत्र पुण्याचंही आहे. उत्तरं वेगवेगळी असली तरी माझं म्हणणं एकच आहे, स्क्रीनवर दिसणारा आकडा बाजूला ठेवा आणि घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत माणशी किती पडतं ते कागदावर मांडा.

प्रश्न: ताई, आम्ही हॅरोला राहतो, दोघं आणि दोन मुलं, मोठी सात वर्षांची आणि धाकटा तीन. ऑक्टोबरच्या हाफ टर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, क्राकोव किंवा प्राग करायचंय. साइटवर 24 पाउंडाचं तिकीट दिसतं आणि पैसे भरायला गेलं की चौघांचे चारशेच्या वर होतात. हे सगळ्यांचंच असं होतं की आम्हीच काही चुकीचं दाबतोय?
— एक वाचक, हॅरो

उत्तर: चुकीचं काही दाबत नाही आहात. तो 24 चा आकडा एका माणसाचा, एका बाजूचा आणि महिन्यातल्या सगळ्यात स्वस्त दिवसाचा असतो, आणि हाफ टर्मच्या शुक्रवारी संध्याकाळी तो भाव कधीच नसतो कारण सगळं इंग्लंड त्याच दिवशी निघालेलं असतं. त्यामुळे पहिलं काम, शहर ठरवायच्या आधी दिवस हलवून बघा. गूगल फ्लाइट्सवर डेट ग्रिड म्हणून तक्ता आहे, त्यात जायची आणि यायची तारीख आडवी-उभी मांडलेली दिसते आणि कुठली जोडी स्वस्त ते एका नजरेत कळतं. शुक्रवार-रविवार सोडून सोमवार ते गुरुवार किंवा शनिवार ते मंगळवार टाकून बघा, फरक तुम्हालाच दिसेल. मग स्कायस्कॅनरला 'कुठेही' हा पर्याय टाकून त्याच तारखांना बाकीची शहरं काय भावाने आहेत ते बघा, क्राकोव-प्राग सोडून पोर्तो किंवा बुडापेस्ट निम्म्यात मिळालं तर मुलांना काय, किल्ला आणि ट्राम मिळाली की झालं.

शाळा बुडवा असं मी सांगणार नाही. इंग्लंडमध्ये आता पाच शाळेच्या दिवसांची विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंड लागू शकतो आणि तो प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे निदान 80 पाउंड असतो, म्हणजे तिकिटात वाचवलेलं तिथे गेलं. पण शाळेच्या कॅलेंडरमध्ये इनसेट डे, म्हणजे शिक्षकांच्या ट्रेनिंगमुळे मुलांना सुट्टी असते तो दिवस, कधी आहे ते बघा, बऱ्याच शाळांचा तो हाफ टर्मला लागून सोमवारी येतो, त्या दिवशी परतलात तर रविवारची गर्दी आणि भाव दोन्ही टळतात.

आता बॅगा. चौघांना चार सीटा घेताय म्हणजे चार फुकट बॅगा मिळतायत हे लोक विसरतात आणि घाबरून वीस किलोची मोठी बॅग विकत घेतात. रायनएअर आणि विझ एअर या स्वस्त विमान कंपन्यांना सीटखाली जाणारी 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरची बॅग फुकट आहे, ईझीजेटची जरा मोठी, 45 बाय 36 बाय 20. तीन रात्रींना चौघांचे कपडे चार पाठीवरच्या बॅगांत आरामात बसतात, जाड जॅकेट अंगावर घालायचं. फक्त बॅग घरी टेपने मोजा, आणि चाकांसकट मोजा, कारण गेटवर जी लोखंडी चौकट ठेवलेली असते तिच्यात चाकं पण बसावी लागतात आणि तिथे लागणारा चार्ज कधीकधी तिकिटापेक्षा जास्त असतो. सीट निवडायचं म्हणाल तर लहान मुलं बरोबर असतील तेव्हा काही कंपन्या एका मोठ्या माणसाला सीट विकत घ्यायला लावतात आणि मुलांची त्यात फुकट देतात, दोघांनी घ्यायची गरज नसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहाटे सहाचं विमान स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. हॅरोहून स्टॅनस्टेड विमानतळाला पहाटे चारला पोचायला ट्रेन मिळणार नाही, टॅक्सी करावी लागेल नाहीतर आदल्या रात्री एअरपोर्टजवळ हॉटेल. ते पैसे चौघांत विभागून तिकिटात मिळवा. तुमच्यासाठी ल्यूटन विमानतळ जवळ आहे, तिथून अकराचं विमान वीस पाउंड महाग असलं तरी घर ते हॉटेल ते स्वस्तच पडेल. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागेल हे धरूनच चालते, त्याचं सविस्तर खालच्या पत्रात.

प्रश्न: नमस्कार, आई-बाबा नाशिकहून पहिल्यांदा आमच्याकडे लंडनला येतायत, तीन महिन्यांसाठी. दोघंही साठीच्या पुढचे. त्यांना पॅरिस दाखवायचंय. फ्लाइट 30 पाउंडात मिळतेय, बुक करून टाकू का?
— एक वाचक, स्लाऊ

उत्तर: थांबा, आत्ता नका करू. आई-बाबांचा यूकेचा व्हिजिटर व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेनचा वेगळा लागतो, आणि तो तुम्ही राहता त्या देशातून काढायचा असतो. ते इथे पाहुणे म्हणून आल्यावर लंडनमधून अर्ज करायला गेलात तर साधारणपणे घेत नाहीत. म्हणून नाशिकहून निघायच्या आधी मुंबईतूनच काढून घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाहीत तेव्हा दोन-तीन महिने हातात ठेवा. जून 2024 पासून फी 90 युरो आहे माणशी, वर सर्व्हिस चार्ज, आणि निदान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर असलेला प्रवास विमा. परत लंडनला येताना काळजी नको, यूकेचा व्हिजिटर व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा असतो. व्हिसा हातात पडेपर्यंत हॉटेल फ्री कॅन्सलेशनचंच घ्या आणि परत न मिळणारं विमानाचं तिकीट घेऊच नका, ते 30 पाउंड चौघांचे झाले की बरेच होतात.

व्हिसा आला की मग तिकिटाचं. पॅरिसच्या स्वस्त तिकिटावर उतरायचं ठिकाण नीट वाचा, बोव्हे लिहिलं असेल तर ते शहरापासून 80 किलोमीटरवर आहे, तिथून बसने सव्वा तास, बसचं भाडं वेगळं, आणि बस उतरवते तिथून परत मेट्रो. साठीच्या पुढच्या माणसांना हे सगळं जिने-बॅगांसकट करायला लावण्यापेक्षा मी युरोस्टार ही ट्रेन बघेन. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनला, साधारण सव्वादोन तास, शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात, दोन बॅगा नेता येतात, पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीला विमानासारखी 100 मिलीची अट नाही. तिकीट लवकर काढलं आणि आठवड्याच्या मधल्या वारी निघालात तर घर ते हॉटेल हिशोबात विमानाच्या फार पुढे जात नाही. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर नवी एन्ट्री-एक्झिट सिस्टीम आली आहे, तिथे फोटो वगैरे घेतात आणि रांगेला वेळ लागतो, तर नेहमीपेक्षा लवकर पोचा.

एक बारीक गोष्ट, आपल्या नावांची. पासपोर्टवर आईच्या गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि बाबांचं नाव, सरनेममध्ये आडनाव असं असतं. तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवून जसंच्या तसं टाइप करा. घाईत आडनाव पहिल्या रकान्यात गेलं किंवा लग्नाआधीचं नाव पडलं की स्वस्त कंपन्या नाव बदलायचे जे पैसे घेतात त्यात नवीन तिकीट येतं.

प्रश्न: मंगळवारी रात्री किंवा इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत, बुक केलं तर स्वस्त मिळतं हे खरं आहे का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर: नाही. बुक कुठल्या वारी करता त्याने काही होत नाही, उडता कुठल्या वारी त्याने होतं. इन्कॉग्निटोनेही भाव उतरत नाही, तेवढ्यात त्या भावाच्या सीटा संपलेल्या असतात म्हणून वाढलेला दिसतो. प्राइस अलर्ट लावून ठेवा, ईमेल येईल.

तुम्ही म्युनिकचे म्हणून अजून दोन गोष्टी सांगते. साइटवर 'म्युनिक वेस्ट' दिसलं तर ते मेमिंगेन आहे, शंभरावर किलोमीटर लांब, आल्गॉय भागात. तुम्ही शहराच्या पश्चिमेला राहत असाल आणि डॉइचलंडटिकेट, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल-रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास, असेल तर तिथवरच्या रीजनल ट्रेनला वेगळा खर्च नाही, मग ते खरंच फायद्याचं पडू शकतं. पण तिकडचं टोकही बघा, बार्सिलोना म्हणून जिरोनाला उतरवलं तर आणखी 90 किलोमीटर, म्हणजे दोन रात्रींच्या ट्रिपमधला एक अख्खा दिवस बसमध्ये गेला. लिस्बन, पोर्तो, कोपनहेगन, क्राकोव अशी शहरं छोट्या ट्रिपला म्हणून मला आवडतात, विमानतळातूनच मेट्रो किंवा ट्रेन आणि अर्ध्या तासात गावात. दुसरं, जर्मनीत प्रत्येक राज्याच्या सुट्ट्या वेगळ्या, बायर्नची, म्हणजे तुमच्या म्युनिकच्या राज्याची, उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, ती संपली की पुढचे दोन-तीन आठवडे हवा छान आणि भाव उतरलेले. तुमच्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असेल तर बाकी शेंगेनला व्हिसाची भानगड नाही, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. परमिटचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर ठेवा, नुसतं कार्ड चालत नाही.

प्रश्न: मी डब्लिनला मास्टर्स करतोय. मागच्या महिन्यात ॲमस्टरडॅमची फ्लाइट साडेचार तास लेट झाली, एअरलाइनने फक्त खायचं कूपन दिलं. 35 युरोच्या तिकिटाला काही मिळतं का?
— एक विद्यार्थी, डब्लिन

उत्तर: मिळतं, आणि तिकीट कितीचं होतं त्याचा काही संबंध नाही. युरोपियन युनियनचा 261 नंबरचा नियम आहे 2004 चा, त्यात 1500 किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात तर 250 युरो, 3500 पर्यंत 400. डब्लिन-ॲमस्टरडॅम पहिल्या गटात बसतं. कारण वादळ किंवा एअर ट्रॅफिक कंट्रोलचा संप असेल तर नाही मिळत, विमानात नेहमीचा तांत्रिक बिघाड असेल तर मिळतं. कूपन हे वेगळं, ते द्यायचंच असतं, त्याने तुमचा हक्क जात नाही. एअरलाइनच्या साइटवर क्लेमचा फॉर्म असतो तो स्वतः भरा, बोर्डिंग पास आणि उशिराचा मेसेज जोडा, आणि कारण लेखी मागा. टक्केवारी घेणाऱ्या एजंटकडे पहिल्यांदाच जाऊ नका, 250 मधला मोठा हिस्सा ते ठेवतात आणि तुमच्यासारख्या विद्यार्थ्याला तो महिन्याचा किराणा आहे. त्यांनी नाही म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही तर आयर्लंडहून सुटलेल्या विमानांची तक्रार तिथल्या आयरिश एव्हिएशन ऑथॉरिटीकडे जाते. नक्की करा.

प्रश्न: आम्ही पुण्याचे, मे महिन्यात मुंबई-फ्रँकफर्ट रिटर्न काढलंय. त्याच दिवशी संध्याकाळी फ्रँकफर्ट हानहून इटलीचं 20 युरोचं तिकीट मिळतंय. जमेल ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: नका करू. तुमचं विमान फ्रँकफर्टच्या मोठ्या विमानतळावर उतरेल आणि हान तिथून शंभरावर किलोमीटर लांब हुन्सरुकच्या डोंगराळ भागात आहे, बसचे तास, इमिग्रेशनची रांग, बॅग यायची वाट, आणि दोन तिकिटं वेगळी असल्यामुळे पहिलं विमान लेट झालं तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कोणाचीच नाही. शिवाय मुंबईहून येताना तुमच्याकडे 23 किलोच्या बॅगा असणार आणि त्या 20 युरोत सीटखालची छोटी पिशवी तेवढी धरलेली आहे. मोठ्या बॅगेचे पैसे, बस, हे सगळं मिळवलं की मूळ फ्रँकफर्ट विमानतळावरूनच दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट बरं पडतं, एक रात्र फ्रँकफर्टला काढा, झोपही होईल. पुढच्या वेळी बुक करताना मल्टी-सिटी निवडून मुंबई ते रोम आणि येताना पॅरिस ते मुंबई असं एकाच तिकिटात बघा, रिटर्नच्या आसपासच पडतं बऱ्याचदा आणि मागे फिरायचा खर्च वाचतो. व्हिसा मात्र ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याचा काढा, रात्री सारख्या असतील तर पहिल्यांदा जिथे शिरणार त्याचा.

प्रश्न: हँडबॅगेत घरचं खाणं चालतं का? विमानातलं सँडविच परवडत नाही.
— एक वाचक, रेडिंग

उत्तर: चालतं. थालीपीठ, दशम्या, कोरडी चटणी, चिवडा सगळं न्या, सिक्युरिटीला कोणी अडवत नाही. लोणचं आणि ओली चटणी मात्र पातळ पदार्थात धरतात, बऱ्याच विमानतळांवर 100 मिलीच्या वर चालत नाही. यूकेहून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा पनीर पराठा आणि पेढे उतरायच्या आधी विमानातच संपवा, आणि रिकामी बाटली बरोबर ठेवा, सिक्युरिटीच्या पलीकडे पाण्याचा नळ असतो.